खिडकीतून जाणारी वायर

भर दुपारी आमच्या चार नंबरच्या इमारतीच्या गच्चीवर गेलात तर पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक माणूस डोळे मिटून पडलेला दिसेल. डोक्याखाली वायरीचं भेंडोळं, पोटावर पक्कड. झोपलेला नसतो तो. हाक मारली की लगेच ओ देतो.

"काय करतोयस रे मेल्या उन्हात?" मी वाळवण उलटायला गेले की विचारते.

"काही नाही वहिनी, ऐकतोय."

काय ऐकतोयस, तर म्हणे वायर. आता वायरीत काय डोंबल ऐकू येणार? पण अंबादासला येतं. म्हणतो, "आत्ता हिच्यातून कुणाचंतरी बारसं चाललंय बघा. कुणीतरी नोकरी मागतंय, कुणीतरी कुणाला नाही म्हणतंय. सगळे एकाच वायरीतून जातात आणि कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. गंमत आहे ना?" मी म्हणते, गंमत तुझ्या डोक्यात आहे. पण खरं सांगू, तो असं बोलला की मीही वाळवण सोडून दोन मिनिटं त्या काळ्या वायरीकडे बघत बसते. खाडीवरून वारा येत असतो, तिवरांच्या पलीकडे ते गुलाबी पक्षी चिखलात उभे असतात. वारा फिरला आणि कचऱ्याच्या डम्पिंगचा वास आला की मग मी भानावर येते.

हा अंबादास म्हणजे आमच्या कॉलनीचा केबलवाला. कांजूरमार्ग पूर्वेला, खाडीच्या अंगाला आमच्या इमारती आहेत. तीन नंबरात बहुतेक अंबादासची माणसं. जिंतूर, हिंगोली, जालन्याकडून आलेली, घराघरात शोकेसमध्ये बुद्ध. चार नंबरात आम्ही कोकणातले, गिरण्या बंद पडल्यावर परळ सोडून इकडे आलेले. अंबादास जिंतूरहून आला तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं त्याला. आधी दुसऱ्याच्या हाताखाली खांबावर चढायचा, मग स्वतःची डिशची छत्री लावली, केबल सुरू केली. पुढे केबलची हौस गेली आणि लोकांना इंटरनेट लागलं, तर ह्यानं तेही शिकून घेतलं. बायको शकु फोन घेते, तक्रारी ऐकते, लोकांना झापते. हा गच्चीवर असतो.

आमचा त्याचा संबंध खिडकीचा. मुंबईत ही वायर काही जमिनीखालून जात नाही, ती घराघरांवरून जाते, आणि ज्याच्या खिडकीला किंवा कठड्याला बांधून जाते त्याला कनेक्शन फुकट. ह्याला करारबिरार काही नसतो. गावाला बांधावरून वाट देतात, तसं. अंबादासची मुख्य वायर रस्त्यावरून तीन नंबरच्या गच्चीवर येते, तिथून उडी मारून माझ्या स्वयंपाकघराच्या ग्रिलला, आणि ग्रिलवरून वर आमच्या गच्चीवरच्या पेटीत. त्या पेटीतून मग सगळ्या कॉलनीला. म्हणजे अख्ख्या कॉलनीचं नेट माझ्या भाजीच्या टोपल्यावरून जातं. पूर्वी त्यात मला काही विशेष वाटायचं नाही.

आता माझ्या घरातलं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माझे यजमान चंद्रप्रकाश. मालवणाकडच्या एका तरीवर जन्मले. तरी म्हणजे खाडी ओलांडायची होडी. त्यांचे वडील तरी चालवायचे, हे आणि ह्यांचा दोस्त खंडू वल्ह्याशी खेळत मोठे झाले. मग हे मुंबईला गिरणीत आले आणि तरी खंडूकडे गेली. गिरणी गेली, पुढे अंधेरीला कारखान्यात वॉचमनकी केली, तीही संपली. आणि मग झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. "हां", "नको" आणि माझं नाव अर्धं, "वना", एवढंच उरलं. गावाला जायचं तर प्रवास झेपत नाही. माणूस खुर्चीत बसून भिंतीकडे बघायला लागला की घरातल्या बाईचं काय होतं ते मी सांगत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

तर आमचा पुतण्या देवेश, त्याचं तरीच्या धक्क्यावर चहाचं दुकान. चोऱ्या व्हायला लागल्या म्हणून त्यानं तिथं कॅमेरा लावला. आणि एकदा सहज म्हणाला, काकी, काकांना दाखव ना, फोनवरून टीव्हीवर लावता येतं. अंबादासनं येऊन लावून दिलं. पडद्यावर काय तर धक्का, दोन नारळ, एक आडवं झोपलेलं कुत्रं आणि पाणी. आवाज नाही, काही नाही. आमचे हे जे बघायला लागले ते दुपारचं जेवणही विसरले.

तेव्हापासून तोच आमचा सिनेमा. भरती येते, ओहोटी होते. होडी येते, माणसं उतरतात, कुणी कोंबडी घेऊन, कुणी सिलिंडर घेऊन. मीही भाजी निवडता निवडता बघत बसते. कधीकधी दुपारी डुलकी लागते आणि जाग आली की क्षणभर कळत नाही, मी कांजूरला आहे की धक्क्यावर. आणि रोज संध्याकाळी पलीकडे घरी जायच्या आधी खंडू इथं होडी बांधतो, वर कॅमेऱ्याकडे बघतो आणि हात वर करतो. देवेशनं त्याला सांगितलेलं ना, चंदू बघतो म्हणून. हे डावा हात वर करतात. खंडूला तो काही दिसत नाही. कॅमेरा तो, एकाच बाजूनं बघणार. तरीही तो रोज करायचा आणि हे रोज उत्तर द्यायचे.

मग ती कंपनी आली. नवीनच कुठलीतरी, लाल शर्ट घातलेली पोरं आणि फुगे. आमचं कनेक्शन घ्या, सिनेमे फुकट, मॅच फुकट, स्पीड असा की बघत राहाल. त्यांना माझी खिडकी हवी होती. अंबादासची वायर काढायची आणि त्यांची घालायची, बदल्यात मला मोठं पॅकेज. म्हटलं, आधी चालवून दाखव. त्यांनी तात्पुरती वायर टाकून दिली. त्यांचे सिनेमे सुसाट चालले, खोटं कशाला बोलू. पण आमचा धक्का लावला तर नुसतं गोल गोल फिरतंय. होडी अर्ध्या पाण्यात थांबलेली आणि कुत्र्याचे चौकोन झालेले.

तो पोरगा म्हणाला, "आंटी, हे बाहेरचं आहे. आमच्या ॲपला पहिला नंबर. हे फास्ट पाहिजे तर वरचा प्लॅन घ्या."

अंबादासला सांगितलं तर तो हसला. "असं करायला बंदी आहे वहिनी, नियम आहे. पण खाडीकाठी नियम बघायला कोण येतंय?"

यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये ही जुंपली! आमचा सेक्रेटरी किरण अंधेरीला ऑफिसात आहे, त्याला सगळं ठाऊक. म्हणाला, "याला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. लोकांनी लाखोंनी मेल पाठवलेले सरकारला याच्यावरून. पण प्रॅक्टिकल बोला ना. जास्त दिले तर पुढची लेन मिळते, हायवेला टोल असतो तसं. चुकलं काय त्यात?"

अंबादास मागच्या खुर्चीत होता. तो शांतपणे म्हणाला, "वेगळा रस्ता बांधा आणि घ्या टोल. इथं रस्ता तोच आहे. तुला पुढं काढायचं म्हणजे कुणाला तरी मागं ढकलायचं."

"आणि तुम्ही काय केलंत अंबादासभाऊ?" किरण काही ऐकणाऱ्यातला नाही. "नाल्याच्या अलीकडे तुम्ही, पलीकडे तो दुसरा केबलवाला, असं वाटून घेतलंत. इतकी वर्षं आम्हाला दुसरा कोण मिळाला? तुमची लाईन बोंबलली तर जायचं कुठं? ही कुठली समता?"

अंबादासनं मान डोलावली. मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं. येऊ दे त्यांना." आणि उठून गच्चीवर गेला. शकु माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा वहिनी, हा आमचा धंदेवाला." काही घरं दुसऱ्याच आठवड्यात कंपनीकडे गेली. मी खिडकीचा निर्णय लांबवत ठेवला.

आणि अशात देवेशचा फोन आला. पलीकडच्या तीराला जोडणारा पूल तयार झाला होता. म्हणून आता तरीची होडी बंद. रविवारी संध्याकाळी खंडू शेवटची फेरी मारणार. ह्यांनी ते ऐकलं. डोळे मिटले, मग उघडून टीव्हीकडे बोट केलं आणि म्हणाले, "हां." म्हणजे बघणार. मी म्हटलं, बघा, बघा, मी काय नको म्हणतेय?

पण आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. त्याच रविवारी क्रिकेटची फायनल! दुपारपासून रात्रीपर्यंत. तुम्हाला काय वाटतं, लोक टीव्हीवर बघतात? आता घरात चार माणसं आणि चार फोन. सेमीफायनलला आम्ही भोगलं होतं ते. सगळी कॉलनी मॅचला चिकटली आणि आमचा धक्का दगडासारखा थांबला. खंडूचा हात वर जाताना अर्ध्यातच अडकला. हे डावा हात वर धरून बसले, शेवटी मीच तो धरून खाली ठेवला. तसं रविवारी होणार हे मला उघड दिसत होतं. शेवटचा हात तो. पुन्हा नाही.

मी अंबादासला बोलावलं. "तुझ्याकडे बटण आहे ना रे? कुणाचं नेट किती सोडायचं त्याचं?"

"आहे."

"मग रविवारी संध्याकाळी आमचं पुढं कर. बाकीच्यांचं जरा मागं. तासाभराचा प्रश्न. मॅच अडकत बघितली तर मरणार नाही कुणी."

तो स्टुलावर बसून हात चोळत राहिला. "नाही दाबणार वहिनी."

"का? दादांसाठीसुद्धा नाही?"

"दादांसाठी दुसरं काय वाट्टेल ते करीन."

माझं डोकं फिरलं. शिरा पडो तुझ्या तत्त्वावर, म्हटलं, आणि भिंतीवरचा नारळ फोडायचा कोयता काढला. खिडकीशी गेले, ग्रिलवरची वायर डाव्या हातात धरली. "ही बघ. सगळ्या कॉलनीचं नेट माझ्या मुठीत आहे. ज्याच्या हाती ससा तो पारधी. माझ्या नवऱ्याला मिळणार नसेल तर कुणालाच नाही. तोडते!"

ह्यांनी खुर्चीतून "नको, नको" सुरू केलं. अंबादास मात्र जागचा हलला नाही.

"तोडा," तो म्हणाला. "तुमची खिडकी आहे. पण माझ्या आजीचं ऐका आधी. आमच्या गावची विहीर एकाच्या शेतात होती. तो माणूस वाईट नव्हता म्हणे, पाणी द्यायचा. फक्त सगळ्यांचं भरून झालं की मग. गडी वरून ओतायचा आणि आजी खाली ओंजळ धरायची. आजी म्हणायची, पाणी मिळायचं रे बाळा, पण थांबून. जन्मभर थांबून. आता मी ते बटण दाबलं तर वहिनी, कुणीतरी ओंजळ धरून थांबणारच. मला तो दिसणार नाही, एवढंच."

हातातली वायर मला एकदम परक्याची वाटायला लागली. मी कोयता भिंतीला टांगला. राग गेला नव्हता हां. रडू येत होतं आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी उगाच कांदा चिरायला घेतला.

तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "हिसकावून घेणार नाही मी. पण मागून बघू की. मागायला काय बंदी आहे?"

आणि तो मागायला निघाला, खरंच. घरोघर. समाजमंदिराच्या हॉलमध्ये केबलचा टीव्ही आहे, शिवाय जयंतीला लावतात तो प्रोजेक्टर. मॅच तिथं एकाच पडद्यावर बघायची, केबलवरून. मग नेटची वायर आपोआप मोकळी. मी आयुष्यात कुणाकडे वाटीभर साखर मागितली नाही, पण दुसऱ्या दिवशी पदर खोचून मीही निघाले. तीन नंबरात मी फिरले, चार नंबरात तो. कुणी म्हणालं, "एका होडीसाठी?" कुणी म्हणालं, "काकी, घरच्या एसीत बघायची मजा वेगळी ना." मी म्हटलं, असेल बाबा. एकदा या, भजी मी करते. किरणकडे शेवटी गेले. त्याच्याकडे तर कंपनीचं कनेक्शन, त्याला काय फरक पडणार होता! तो म्हणाला, "प्रोजेक्टर मी जोडून देतो."

शनिवारी अंबादास पुन्हा आला, आणि त्याचे डोळे गच्चीवर असतात तसे झाले होते. "वहिनी, सगळी लाईन मोकळी असणार उद्या. मग एकाच बाजूनं कशाला? देवेशला सांगा, व्हिडिओ कॉल लाव आणि फोन हातात धरून धक्क्यावर उभा राहा. खंडूभाऊंना दादा दिसू देत की एकदा."

मी लगेच देवेशला फोन लावला. इतके दिवस रोज ते हात बघत होते आम्ही, आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं!

रविवारी संध्याकाळी कॉलनी अशी शांत मी कधी पाहिली नव्हती. खिडक्या उघड्या आणि घरं रिकामी. समाजमंदिरातून मधूनच आरडाओरडा यायचा आणि पुन्हा सामसूम. ऊन तांबूस झालं होतं, खाडी इथंही चमकत होती आणि टीव्हीतही. ह्यांना मी धुतलेला सदरा घातला होता. टीव्हीवर धक्का, इतका स्वच्छ की नारळाची झावळी न् झावळी दिसावी. समोर स्टुलावर माझा फोन उभा करून ठेवलेला.

होडी आली. माणसं उतरली, कुणी खंडूच्या पाया पडलं, कुणी फोटो काढला. सगळे पांगले. खंडूनं दोर बांधला, वर बघितलं आणि हात वर केला. ह्यांनी डावा हात वर केला. तेवढ्यात देवेशनं पुढं होऊन आपला फोन खंडूसमोर धरला.

खंडू वाकला. डोळ्यांवर हाताची सावली करून बघत राहिला. टीव्हीवर तो पाठमोरा दिसत होता आणि माझ्या फोनवर त्याचं तोंड, पांढरे खुंट, बोळकं. ह्यांचा हात वरच होता. खंडूला तो पहिल्यांदा दिसला.

"मेल्या चंद्या," तो म्हणाला. मग नाक पुसून म्हणाला, "येतंस काय? चल, बस. एक फेरी मारुया."

आणि देवेशच्या हातातला फोन घेऊन तो होडीत चढला! देवेश ओरडतोय, "खंडूकाका, माझो फोन!" आणि खंडूनं फोन पुढच्या फळीवर टेकवला, जिथं लहानपणी हे बसायचे. दोर सोडला. माझ्या फोनवर पाणी आलं, नुसतं पाणी आणि वल्ह्याचा आवाज. आणि टीव्हीवर होडी धक्क्यावरून निघाली. हे एकदा फोनकडे बघायचे, एकदा टीव्हीकडे. होडीतून पाणी बघणारा माणूस धक्क्यावरून स्वतःला जाताना बघत होता. मी त्यांच्या खुर्चीला धरून बसले.

अर्ध्या खाडीत फोन थांबला. तिकडची रेंज संपली होती, तिथं अंबादासही काही करू शकत नव्हता. पण टीव्हीवर होडी जातच होती, बारीक बारीक होत, पलीकडच्या झाडांच्या काळोखाकडे. खंडूचं घर पलीकडेच. आता ती ठिपका झाली. आता टेकली.

हे म्हणाले, "पोचलंय." आमच्या मालवणीत म्हणजे, मी पोचलो.

झटक्यानंतर एवढा नीट शब्द मी ऐकला नव्हता. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडले. लाज कसली त्यात?

मग जिना चढून वर गेले. अंबादास टाकीजवळ पेटीसमोर मांडी घालून बसला होता. मॅच नाही, धक्का नाही, त्यानं काहीच बघितलं नव्हतं. पेटीत प्रत्येक घराचा एक हिरवा दिवा असतो, नेट चाललं की तो लुकलुकतो. "सगळे शांत होते वहिनी," तो म्हणाला. "एकटा तुमचाच चालला होता. मी आपला तेवढाच बघत बसलो." खाली समाजमंदिरात एकदम जल्लोष झाला, काय झालं ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा पोरगा पुन्हा आला, खिडकीसाठी. मी म्हटलं, "घाल तुझी वायर. पण त्याचीही राहणार. आणि मला तुमचं काही फुकट नको. खिडकी माझी आहे बाबा, वाट माझी नाही." त्यानं वायर बांधली ती अशी लोंबकळत, गबाळी. संध्याकाळी अंबादास पक्कड घेऊन आला, स्टुलावर चढला आणि स्वतःच्या वायरीशेजारी कंपनीची वायर नीट ओढून क्लिपा मारायला लागला. मी कपाळावर हात मारला.

हे खुर्चीत होते. टीव्हीवर धक्का, दोन नारळ, कुत्रं. पाणी रिकामं. मी मुद्दाम तिकडे बघत नव्हते. होडी नाही, आता यापुढं हे काय बघणार, हा विचार सकाळपासून मला खात होता.

"वहिनी," अंबादास स्टुलावरून म्हणाला, "ते बघा."

पडद्यावर एक म्हातारा धक्क्यावर येत होता. पाण्यातून नाही, रस्त्यानं. नव्या पुलावरून चालत आला असणार, चपला धुळीनं भरलेल्या, हातात देवेशचा फोन. तो नेहमीच्या जागी येऊन उभा राहिला, वर बघितलं आणि हात वर केला.

ह्यांचा डावा हात वर गेला. माझाही गेला. अंबादासनं पक्कड धरलेला हात वर केला आणि तसाच स्टुलावर उभा राहिला. खंडूला आमच्यातलं कुणी दिसत नव्हतं, पण त्यानं हात लवकर खाली घेतला नाही.